वणव्याच्या सिम्युलेशनमध्ये जाळरेषा, रस्ते आणि नाले यांचे व्हेक्टर थर कसे द्यावेत?

पैनगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर, उमरखेड आणि किनवट यांच्या दरम्यान असलेल्या कोरड्या सागवानी जंगलात वणवा कसा पसरू शकेल, याचा अभ्यास मी फ्लॅममॅप या सॉफ्टवेअरमधील फारसाइट ही वणव्याच्या प्रसाराची प्रणाली वापरून करीत आहे. उंची, उतार, उताराची दिशा, इंधन नमुना (जळणाऱ्या गवताचा व पाचोळ्याचा प्रकार) आणि झाडांच्या छत्राचे आच्छादन हे पाच आवश्यक थर ३० मीटरच्या रास्टरमध्ये, म्हणजे चौकोनी सेलच्या जाळीत, तयार आहेत. अडचण व्हेक्टर माहितीची, म्हणजे बिंदू, रेषा आणि बहुभुज यांची आहे. माझ्याकडे वनकक्षांच्या सीमा, जाळरेषा (आग अडवण्यासाठी कापून व जाळून साफ केलेल्या पट्ट्या), रस्ते, नाले, तलाव आणि गावठाणे यांच्या शेपफाइल, म्हणजे व्हेक्टर नकाशांच्या फाइल, आहेत. जाळरेषांच्या तक्त्यात रुंदीचा रकाना असून त्यात बहुतेक ठिकाणी ६ किंवा १२ मीटर अशी नोंद आहे.

हे थर मी दोन प्रकारे वापरून पाहिले. पहिल्या प्रकारात जाळरेषा, रस्ते आणि नाले यांचे रास्टर करून त्या सेलना ९९ हा उघड्या जमिनीचा, म्हणजे न जळणारा इंधन क्रमांक दिला. त्यात सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रेषांपाशी आग बहुतेक वेळा थांबते, परंतु तिरप्या रेषा ती जणू नाहीतच अशा रीतीने ओलांडते. दुसऱ्या प्रकारात त्याच रेषा अडथळ्यांची शेपफाइल म्हणून दिल्या. त्यात आग कोणतीच रेषा ओलांडत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट केला तरी ती ज्या कक्षात पेटवली त्याच कक्षात जळून संपते. एप्रिलमधला वणवा या भागात एका कक्षात मावत नाही, हे इथल्या कोणालाही ठाऊक आहे. मग दोहोंपैकी कोणती पद्धत ग्राह्य धरावी?

एक उपप्रश्नही आहे. माझे क्षेत्र ७८ अंश रेखांशाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मिळालेले काही थर यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ व्या विभागात आहेत, तर काही ४४ व्या विभागात. हे कसे जुळवावे?

रास्टररेषा यांचे उत्तर

आपले दोन्ही निकाल सॉफ्टवेअरच्या रचनेप्रमाणे अपेक्षितच आहेत. त्यामागची गणना कशी चालते ते पाहिले, तर निवड सोपी होईल.

मार्क फिनी यांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडलेल्या फारसाइटमध्ये आगीची आघाडी हीच मुळात व्हेक्टर आकृती असते. ती अनेक बिंदूंची साखळी असून प्रत्येक बिंदूपासून आग लंबवर्तुळाकार पसरते असे मानले जाते, आणि त्या सर्व लंबवर्तुळांना बाहेरून स्पर्श करणारी रेषा म्हणजे पुढच्या क्षणाची आघाडी. तरंगांच्या प्रसारासाठी हायगेन्सने मांडलेले तत्त्व इथे आगीला लावले आहे. लंबवर्तुळ केवढे असावे हे रॉदरमेल यांच्या १९७२ च्या समीकरणातून मिळणाऱ्या वेगावर ठरते, आणि त्यासाठी लागणारे इंधन, उतार इत्यादी मूल्ये तो बिंदू ज्या सेलवर उभा असेल त्या सेलमधून वाचली जातात. म्हणजे आग व्हेक्टर आणि जमीन रास्टर, असा हा संमिश्र प्रकार आहे, आणि आपल्या दोन्ही अडचणी याच सांध्यावर उभ्या आहेत.

न जळणाऱ्या सेलची पट्टी आग ओलांडते याची कारणे दोन. पहिले कारण रास्टर करण्याच्या रीतीत आहे. नेहमीच्या रूपांतरात तिरप्या रेषेचे सेल केवळ कोपऱ्यांनी एकमेकांना टेकतात आणि त्या कोपऱ्यांतून आग निसटते. रूपांतर करताना, रेषा ज्या ज्या सेलला स्पर्श करते ते सर्व सेल धरण्याचा पर्याय निवडल्यास ही गळती थांबते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून जीडीएएल या साधनसंचाची रास्टराइझ आज्ञा वापरत असाल, तर तिच्यात हा पर्याय आहे. दुसरे कारण फारसाइटच्या मांडणीत आहे. तिथे अंतराचे रेझोल्यूशन आणि परिमितीचे रेझोल्यूशन अशी दोन मूल्ये आपण देतो. इंधनाची माहिती पुन्हा न वाचता आघाडीचा बिंदू एका दमात जास्तीत जास्त किती पुढे जाऊ शकतो हे पहिले मूल्य सांगते, तर आघाडीवरील शेजारच्या दोन बिंदूंमध्ये जास्तीत जास्त किती अंतर असू शकते हे दुसरे. अंतराचे रेझोल्यूशन ६० मीटर आणि न जळणारी पट्टी ३० मीटर असेल, तर बिंदूचा पाय पट्टीवर पडेलच याची खात्री नाही; तो अलीकडच्या गवतातून थेट पलीकडच्या गवतात पोहोचतो. हे मूल्य सेलच्या आकाराइतके किंवा त्याहून कमी ठेवावे. गणनेला वेळ अधिक लागेल, पण दुसरा उपाय नाही.

अडथळ्यांच्या शेपफाइलचे गणित वेगळे आहे. ती रास्टरमध्ये न मिसळता भूमितीच्या स्वरूपातच राहते आणि आघाडी तिच्यापाशी कापली जाते. रुंदीचा रकाना तिथे वाचलाच जात नाही. ६ मीटरची पायवाटेसारखी रेषा आणि १२ मीटरची मोठी जाळरेषा या दोन्ही सारख्याच अभेद्य भिंती ठरतात, वारा कितीही असो. उडत्या ठिणग्यांनी पलीकडे आग लागणे एवढीच एक वाट उरते, आणि ती गणना झाडे शेंड्यापर्यंत पेटण्याशी जोडलेली आहे. आपल्याकडील पाच थरांत छत्राच्या तळाची उंची आणि छत्राच्या इंधनाची घनता नाही, शिवाय सागवानी जंगलातला वणवा बहुधा जमिनीवरच्या पाचोळ्याचा असतो. त्यामुळे ती वाटही बंद आहे. वाऱ्याने जळते पान रेषेपलीकडे नेले किंवा उतारावरून पेटता ओंडका गडगडत खाली गेला, तर अशा घटनांना या गणनेत जागाच नाही.

यूटीएमबाबत काळजी करू नये. संपूर्ण क्षेत्र एकाच विभागात आणावे. ४३ वा निवडा वा ४४ वा, फरक नगण्य आहे. विभागाच्या कडेवर अंतरातील फरक किलोमीटरमागे एक मीटरही भरत नाही, आणि नकाशाची उत्तर दिशा व खरी उत्तर दिशा यांतील कोन आपल्या अक्षांशावर साधारण एक अंशाचा असतो. वाऱ्याची दिशा आपण कुठे एवढ्या अचूकतेने देतो? मात्र प्रथम उंचीचे रास्टर निवडलेल्या विभागात आणावे आणि उतार व उताराची दिशा त्यातून नव्याने काढावी. आधीच काढलेल्या दिशेच्या थराचे प्रक्षेपण बदलताना सरासरी घेतली गेली, तर ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते आणि उत्तरेकडचा उतार दक्षिणमुखी होतो. जुन्या टोपोशीटवरून उतरवलेले थर असतील, तर त्यांचा डेटम, म्हणजे स्थाने मोजण्याचा आधार, एव्हरेस्ट आहे की डब्ल्यूजीएस ८४ हेही पाहावे. हा फरक दुर्लक्षिल्यास रेषा शंभराहून अधिक मीटरने सरकू शकतात, आणि मग जाळरेषेच्या रुंदीची चर्चाच व्यर्थ ठरते.

जुनीवाट यांचे उत्तर

वरील स्पष्टीकरण उपयुक्त आहे. तथापि जंगलात अनेक उन्हाळे काढलेला माणूस म्हणून सांगतो, की सॉफ्टवेअरमध्ये रेषा कोणत्या दाराने आत न्यावी हा प्रश्न नंतरचा आहे. ती रेषा त्या आठवड्यात जमिनीवर होती का, हे आधी विचारावे.

जाळरेषा म्हणजे नकाशावरची कायमची खूण नव्हे. ती दरवर्षी कापावी आणि जाळावी लागते. सागाची पानगळ हिवाळ्यात सुरू होऊन पुढे बराच काळ चालते. डिसेंबरात जाळून स्वच्छ केलेल्या रेषेवर फेब्रुवारी संपेपर्यंत पुन्हा पानांचा थर बसतो, आणि सागाचे पान केवढे मोठे असते ते आपण जाणताच. अशी पाच-सहा पाने एकावर एक पडली, की आगीला पूल मिळाला. म्हणून पाचोळा पुन्हा झाडणे किंवा अलीकडे ब्लोअरने उडवणे, हे काम हंगामभर करावे लागते. आपल्या तक्त्यात रुंदी आहे, पण रेषा शेवटची कधी साफ झाली याची नोंद आहे का? ती नसेल, तर १२ मीटरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. संबंधित नियतक्षेत्राच्या वनरक्षकाला नकाशा दाखवून विचारावे. कोणत्या रेषेवर यंदा हात फिरला आणि कोणत्या रेषेवर नुसता कागद रंगला, हे त्याच्याइतके अचूक कोणीच सांगू शकणार नाही.

नाल्यांचा थर तर मी अडथळा म्हणून वापरूच नये असे म्हणेन. मार्चनंतर त्या भागातील बहुतेक नाले कोरडे असतात. पात्रात वाळू आणि गोटे असतील तर आग थांबते, हे खरे. परंतु लहान नाल्यांच्या घळीत दोन्ही काठांवरचा पाचोळा वाऱ्याने येऊन साचतो, कधी गुडघाभर, आणि आग तिथे थांबण्याऐवजी घळीने वर चढते. पैनगंगेचे रुंद पात्र आणि तिचे डोह वेगळे काढून ठेवावेत, बाकीचे नाले इंधनाचाच भाग समजावेत. तलावांच्या सीमा बहुधा पूर्ण भरलेल्या पाण्याच्या असतात. मे महिन्यात पाणी आत सरकलेले असते आणि उघड्या पडलेल्या काठावर कुठे भेगाळलेला चिखल, तर कुठे वाळलेले गवत असते.

रस्त्यांमध्येही फरक करावा. डांबरी रस्ता आणि दोन्ही कडा साफ केलेला मुरमाचा रस्ता यांच्यावर भरवसा ठेवता येतो. गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांमध्ये मात्र गवताची पट्टी उभी असते. ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेल्या थरात या सगळ्याच एकसारख्या रेषा दिसतात. तिथला प्रकाराचा रकाना वापरून त्यांची वर्गवारी करणे एवढे तरी करावेच.

पैनगंगाकाठ यांचे उत्तर

दोघांचेही आभार. साफसफाईच्या तारखेचा रकाना माझ्या तक्त्यात नाही. तो आता तयार करीन. दोन गोष्टी आणखी विचारतो. इंधन नमुन्याचा थर मी कक्षांच्या बहुभुजांवरून तयार केला आहे. प्रत्येक कक्षाचा प्रमुख वनप्रकार पाहून त्याला एक क्रमांक दिला. हे चालेल का? आणि आग पेटण्याची जागा म्हणून भारतीय वन सर्वेक्षणाच्या उपग्रहाधारित सूचनांमधील बिंदू थेट वापरले तर चालतील का?

इंधननोंद यांचे उत्तर

कक्ष ही प्रशासनाच्या सोयीची सीमा आहे. गवत आणि पाचोळा तिला ओळखत नाहीत. एका कक्षात वरच्या पठारावर कमरेएवढे गवत, उतारावर विरळ साग आणि तळाशी दाट मिश्र जंगल असू शकते. अशा कक्षाला एकच क्रमांक दिल्यास आगीच्या वेगात कक्षाच्या सीमेवर अचानक बदल दिसतो, आणि निकालाच्या नकाशात आघाडी सरळ रेषेत थबकलेली दिसली की हे दुखणे ओळखावे. वनप्रकार व छत्राची घनता यांवरून नवे बहुभुज करावेत, ते सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवर ताडून पाहावेत, आणि कक्षांचा थर केवळ निकालांची कोष्टके काढण्यासाठी राखून ठेवावा.

क्रमांक देताना स्कॉट आणि बर्गन यांच्या २००५ च्या ४० नमुन्यांचा संच वापरावा, असे माझे मत आहे. सागाच्या पाचोळ्यासाठी १८२, १८६ आणि १८९ हे रुंदपर्णी पाचोळ्याचे नमुने उपलब्ध आहेत. पाचोळ्याचे प्रमाण कमी, मध्यम की फार जास्त, यावरून त्यांतील एक निवडावा. गवताच्या पट्ट्यांसाठी १०२ किंवा १०४ तपासून पाहावेत. गवताचे हे नमुने गतिमान आहेत. जिवंत गवतातील ओलावा १२० टक्के किंवा अधिक असेल तर ते संपूर्ण हिरवे धरले जाते, ३० टक्क्यांवर आले की संपूर्ण वाळलेले, आणि मधल्या अवस्थेत त्या प्रमाणात गवताचा भार मृत इंधनात वळवला जातो. त्यामुळे तोच बहुभुज आणि तोच क्रमांक ठेवून फेब्रुवारी व मे यांची दोन वेगळी चित्रे निघू शकतात. अमेरिकेतील वनस्पतींवरून तयार झालेले हे नमुने आपल्या जंगलाला तंतोतंत लागू पडतील असे मानू नये, पण सुरुवात करायला ते पुरेसे आहेत.

शेतीला सरसकट ९३ हा न जळणारा क्रमांक देण्याची प्रथा आहे, आणि तीही इथे फसवते. ओलिताखालचे उभे पीक जळत नाही. गव्हाचे वाळलेले धसकट किंवा उसाचे पाचट मात्र चांगलेच जळते, आणि जंगलालगतच्या शेतातली आगच अनेकदा जंगलात शिरते. जंगलाला लागून असलेल्या शेतांचे बहुभुज तरी हंगामानुसार वेगळे करावेत.

बहुभुजांचे रास्टर करण्यापूर्वी त्यांची भूमिती तपासावी. शेजारच्या दोन बहुभुजांमध्ये राहिलेली बारीक फट रास्टरमध्ये मूल्यहीन सेलची रांग बनते, आणि फारसाइट तिला न जळणारी जमीन समजते. आपण न आखलेली जाळरेषा अशी आपोआप तयार होते! क्यूजीआयएसमध्ये फटी आणि आच्छादने शोधण्याची सोय आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे संपूर्ण क्षेत्राला आधी एक सर्वसाधारण क्रमांक देऊन त्यावर बहुभुजांचे रास्टर चढवावे.

उपग्रहाच्या सूचनांबाबत सावध राहावे. तो बिंदू म्हणजे पिक्सेलचे केंद्र असते. उपग्रहांवरील संवेदकांपैकी व्हीआयआयआरएसचा पिक्सेल ३७५ मीटरचा आणि मोडिसचा एक किलोमीटरचा असल्यामुळे खरी आग त्या चौकटीत कुठेही असू शकते, आणि उपग्रह माथ्यावर येईपर्यंत ती पुढे सरकलेलीही असते. मोहफुले वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पाला जाळला असेल, तर पेटण्याची जागा गावाकडून येणाऱ्या वाटेच्या आसपास असण्याचा संभव अधिक. प्रज्वलनाची शेपफाइल बिंदू, रेषा किंवा बहुभुज यांपैकी कोणत्याही स्वरूपात देता येते. मी अशा वेळी सूचनेभोवती पिक्सेलएवढी चौकट आखतो, तिच्यातून जाणाऱ्या वाटांचे तुकडे वेगळे करतो आणि त्यांवरचे वेगवेगळे बिंदू एकामागून एक पेटवून पाहतो.

जाळरेषांच्या बाबतीत रास्टररेषा यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. स्पर्श करणारे सर्व सेल न जळणारे केल्यास ६ मीटरची रेषा निदान ३० मीटर रुंद होते, आणि तिरप्या ठिकाणी त्याहूनही जास्त. रेषांचे जाळे दाट असेल, तर जळणाऱ्या जंगलाचा लक्षणीय भाग कागदावरच नाहीसा होतो. त्याऐवजी इंधनाचा थर १० मीटरवर न्यावा.

रास्टररेषा यांचे उत्तर

आक्षेप योग्य आहे. मात्र फारसाइटला सर्व थर एकाच मापाचे, एकाच विस्ताराचे आणि एकाच प्रक्षेपणाचे लागतात. त्यामुळे ३० मीटरची उंचीही १० मीटरवर न्यावी लागेल, आणि त्यातून निघणाऱ्या उताराला नवे तपशील मिळणार नाहीत. सेलची संख्या नऊपट होईल. छोट्या क्षेत्रासाठी हे परवडेल. दोन तालुक्यांसाठी परवडणार नाही.

माझ्या मते रुंद, न जळणारी क्षेत्रे, म्हणजे जलाशय, गावठाण आणि नदीचे पात्र, रास्टरमध्ये ठेवावीत आणि अरुंद रेषा अडथळ्यांच्या शेपफाइलमध्ये. पण सगळ्या रेषा नव्हेत. जुनीवाट यांनी सांगितलेली तपासणीच इथे चाळणी म्हणून वापरावी. प्रत्येक जाळरेषा जिथे दुसऱ्या रेषेला छेदते तिथे तिचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला रुंदी, साफसफाईची तारीख व स्थिती असे रकाने द्यावेत. त्यानंतर अडथळे न देता फ्लॅममॅपमधून ज्वालांच्या लांबीचे रास्टर काढून त्याची मूल्ये या तुकड्यांवर वाचावीत. ज्वाला साधारण १.२ मीटरपर्यंत असतील तर हातातल्या साधनांनी आगीला थेट भिडता येते, आणि २.४ मीटरच्या वर यंत्रांनीही आवर घालणे कठीण जाते, असा संकेत अग्निशमनात रूढ आहे. साफ केलेला आणि कमी ज्वालांचा तुकडा अडथळा म्हणून ठेवावा. साफ नसलेला तुकडा काढून टाकावा. साफ आहे, पण ज्वाला मोठ्या आहेत, असे मधले तुकडे वेगळ्या शेपफाइलमध्ये ठेवावेत.

मग तीन वेळा चालवावे: एकही अडथळा नाही, केवळ खात्रीचे अडथळे, आणि खात्रीच्या व मधल्या अशा दोन्ही प्रकारच्या रेषा. आपला मूळ प्रश्न कोणती पद्धत ग्राह्य धरावी असा होता. या तीन आघाड्यांमधला पट्टा हेच त्याचे प्रामाणिक उत्तर होईल, कारण आपल्याला रेषांच्या स्थितीबद्दल जेवढे ठाऊक आहे त्याहून नेमका निकाल कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. तिन्ही आघाड्या जवळजवळ एकच येत असतील, तर आग मुळात तुमच्या जाळरेषांच्या भरवशावर थांबत नाही असे समजावे.

एक तांत्रिक बाब. नवे रकाने तयार करताना त्यांची नावे रोमन अक्षरांत ठेवावीत. शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला दहा बाइटच मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ‘जाळ’ एवढे लिहिले की जागा संपली. रकान्यातील मजकूर देवनागरीत ठेवायला हरकत नाही.

जुनीवाट यांचे उत्तर

तीन आघाड्यांची कल्पना पटली. तिची पडताळणी मागील हंगामातील जळालेल्या क्षेत्रावर करावी. सेंटिनेल-२ च्या चित्रांवरून जळिताची सीमा आखताना मात्र एक काळजी घ्यावी: आगीआधीचे चित्र पानगळीपूर्वीचे घेतले, तर नुसता निष्पर्ण झालेला सागही जळाल्यासारखा दिसतो. आगीच्या आधीचे आणि नंतरचे चित्र शक्य तितक्या जवळच्या तारखांचे असावे.

पैनगंगाकाठ यांचे उत्तर

रेषांचे तुकडे करण्याचे काम आजपासून सुरू करीत आहे. फारसाइट आघाडीची शेपफाइल देते, ती थेट कक्षांच्या थरावर टाकून प्रत्येक कक्षातील जळालेले क्षेत्र काढता येईल ना?

रास्टररेषा यांचे उत्तर

येईल. प्रत्येक वेळेची आघाडी आधीच्या आघाडीला पोटात घेत असल्यामुळे सर्व बहुभुजांची बेरीज करू नये. शेवटचा बहुभुजच घ्यावा आणि त्यातून न जळणारे सेल वजा करावेत. तासागणिक आकडे हवे असतील, तर आग पोहोचण्याच्या वेळेचे रास्टर घेऊन त्यावरून प्रत्येक कक्षाची वेगळी आकडेवारी काढणे अधिक सोयीचे. निकालाच्या शेपफाइलसोबत प्रक्षेपणाची पीआरजे फाइल आली आहे की नाही, तेवढे उघडण्यापूर्वी पाहून घ्यावे. नसेल, तर मूळ थराची तशीच फाइल त्या नावाने शेजारी ठेवावी.